शाळा कोणाची? जिते व पेण तालुक्यातील आईबापांस दोन शब्द

जूनच्या मध्यास शाळा उघडते. त्या दिवशी दारास आंब्याचे तोरण लागते, पहिलीत आलेल्या पोरांस फूल देतात, नवी पुस्तके वाटतात, आणि गावचे पुढारी पोरांस मध्ये उभे करून आपला फोटो काढून घेतात. सरकारी कागदात यास प्रवेशोत्सव म्हणतात. पुढे पंधरा दिवसांनी पाऊस लागून राहिला, भाताची लावणी सुरू झाली, म्हणजे त्याच वर्गात कोणी डोकावून पाहावे. पटावर जितकी नावे होती तितकीच आहेत. सतरंजीवर मात्र जागा मोकळ्या पडल्या आहेत. नाव दाखल होणे निराळे आणि पोर हजर असणे निराळे. आमच्या शेतकरी-कारागीर समाजाचा घात होतो तो या दोहोंमधल्या अंतरात, आणि तो इतका मुकाट होतो की त्याची बोंब कोणी मारीत नाही.

जिते गावाचे नाव आम्ही मुद्दाम घेतले आहे. मुंबई-गोवा रस्त्याने खारपाड्याचा पूल ओलांडून पेणेकडे येऊ लागले की जिते लागते. पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर यांच्या दरम्यान जिते नावाचे स्टेशन आहे. म्हणजे रस्ता आहे, आगगाडी आहे, तालुक्याचे गाव जवळ आहे, पनवेल-मुंबई हाताशी आहे. डोंगराआडच्या वाडीची शाळा बुडाली तर 'गाव दुर्गम' ही सबब सांगता येते. या पट्ट्यात ती सबब चालावयाची नाही. एका गावास बोल लावावा असा आमचा हेतू नाही. जे जित्याचे, तेच हमरापूर-जोह्याचे, तेच खारेपाटातील गावांचे आणि थोड्याफार फरकाने रोह्यापर्यंतच्या सर्व गावांचे आहे.

प्रथम थोडा हिशेब करू, कारण आमचा शेतकरी हिशेबाने पटतो, व्याख्यानाने पटत नाही. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षातून निदान २०० दिवस भरले पाहिजेत. आठवड्याचे सहा दिवस धरले तर हे सुमारे ३३ आठवडे झाले. आता एखादे पोर आठवड्यातून दोनच दिवस घरी राहिले, तर आईबाप म्हणतात, दोन दिवसांनी काय आभाळ कोसळते! पण दोन दिवसांप्रमाणे वर्षाचे ६६ दिवस गेले, आणि पाच वर्षांचे ३३०. म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ ते पोर शाळेत नव्हतेच. दाखल्यावर पाच वर्षे लिहिली जातील, डोक्यात साडेतीन वर्षांचीही भर नाही. आणि हे दिवस एका जागचे जात नाहीत, मधून मधून जातात. ज्या दिवशी गुरुजींनी हातच्याची बेरीज शिकवली, त्या दिवशी पोर घरी धाकट्या बहिणीस झोका देत होते. दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले तेव्हा बाकीची पोरे पुढे गेलेली. त्यास काही उमजेना, म्हणून ते गप्प बसले. गप्प बसले म्हणून गुरुजींस वाटले, मंद आहे. मंद म्हटले म्हणून त्यास शाळेत यावयाची लाज वाटू लागली. पुढे आईबापही म्हणू लागतात की आमच्या पोराच्या डोक्यात शिरत नाही, आमच्या घराण्यात विद्याच नाही. घराण्यात विद्या नाही, हे भटाभिक्षुकांनी हजार वर्षे आम्हांस सांगितले. आता ते आम्ही आपल्याच तोंडाने आपल्या सहा वर्षांच्या पोरास सांगतो, याहून दुर्दैव ते कोणते?

पोरे घरी का राहतात? आळसाने राहतात असे शहरातील सुशिक्षित म्हणतात. ते खोटे आहे. लावणीच्या दिवसांत घरातील धडधाकट माणूस झाडून शेतात असते. मग तान्हे मूल कोणी सांभाळावे? सात वर्षांच्या मुलीने. मुलगा गुरांमागे जातो. तीन वर्षांपुढील मुलांस अंगणवाडी आहे, ही योजना १९७५ सालापासून चालत आली. पण वर्षाच्या, दीड वर्षाच्या लेकरास घेऊन कोणी बसावे, याचा विचार कोणत्याही योजनेने नीट केला नाही. तो भार वाडवडिलांपासून मुलीच्या कडेवर आला आहे आणि अद्याप तेथेच आहे. मुलीची शाळा बुडते ती प्रथम या कारणाने. पुढची कारणे मागाहून येतात.

दुसरे कारण आमच्या तालुक्याच्या भूषणाचे आहे, म्हणून ते बोलण्यास जड वाटते. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांतून मूर्ती देशभर आणि परदेशीही जातात. पावसाळ्यात, भाद्रपद जवळ आला म्हणजे, कारखान्यांत दिवस-रात्र हात चालतात. घरातच कारखाना, तेव्हा पोरही हाताखाली घेतले जाते: हे आण, ते उचल, घासून दे, रंगाची वाटी धर. बापाचा हुन्नर पोराने शिकावा यास आमचा विरोध नाही. उलट डोळ्यांची आखणी करणारा हात हा कोणत्याही पदवीधराच्या हाताइतकाच मानाचा, असे आम्ही समजतो. परंतु २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीत १४ वर्षांखालील मुलाने घरच्या धंद्यात मदत करावयाची ती शाळा सुटल्यावर आणि सुट्टीतच करावी, तीही धोक्याच्या कामात नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. कायदा बाजूस ठेवा. ज्या कारागिराच्या पोरास मागणीचा कागद वाचता येत नाही, व्याजाचा आकडा उलगडत नाही, त्याची कला कितीही उंच असो, नफा व्यापाऱ्याच्या गल्ल्यात जातो. आणि विद्येची देवता म्हणून साऱ्या देशात जिची पूजा बांधली जाते ती मूर्ती घडविण्यासाठी आमच्या पोराने पाटी बाजूस ठेवावी, या प्रकारास काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

तिसरे कारण लग्नसराई. साखरपुडा, हळद, लग्न, मागाहून जेवणे. एका लग्नात चार दिवस जातात आणि भाऊबंदांत अशी पाच लग्ने आली की महिना पार पडला. हळदीच्या रात्री पहाटेपर्यंत वाजंत्री आणि मोठाले कर्णे, आणि सकाळी पोर झोपलेले. हळदीस लाखाचा खर्च करणाऱ्या घरी पोराच्या वहीस पैसे नसतात असे नाही, लक्ष नसते. क्रिकेटच्या सामन्यांस मांडव घालणाऱ्या तरुण मंडळींनी शाळेचे गळके छप्पर कधी पाहिले आहे काय? ही आपलीच माणसे आहेत म्हणून आम्ही बोलतो. परक्याने बोललेले आम्हांस खपणार नाही.

कोणी म्हणेल, हे सर्व आजचेच नवे आहे. तसे नाही. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, त्यात त्यांनी हेच दुखणे सांगितले होते. शेतकरी वर्ग शाळेपासून दूर राहतो तो दारिद्र्यामुळे, आणि गुरे राखण्यास व शेताची राखण करण्यास त्यास मुले लागतात म्हणून, असे त्यांनी लिहिले. आणि उपाय कोणता सुचविला? नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही; या वर्गाच्या मुलांस शिष्यवृत्त्या द्या, सहामाही वा वार्षिक बक्षिसे द्या, म्हणजे आईबापांस मुले पाठविण्याची गोडी लागेल; आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. ज्याने शेतकऱ्याचे घर आतून पाहिले तोच असे बोलू शकतो. आईबापांस शिव्या देऊन पोरे शाळेत येत नाहीत, हे जोतीरावांस ठाऊक होते.

पुढे सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली साऱ्या बडोदे राज्यात सक्ती केली. १९१७ साली शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि जो आईबाप मूल शाळेत धाडणार नाही त्यास दरमहा एक रुपया दंड ठरविला. आमचा कुलाबा जिल्हा, ज्यास १९८१ पासून रायगड म्हणतात, तेव्हा इंग्रजी अमलाखाली होता. तेथे गोखल्यांनी १९११ साली मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे बिल नामंजूर झाले. महाराजांचा तो एक रुपया त्या काळी मोलाचा होता, आणि तो घेण्याचा त्यांस हक्क होता, कारण दंडाआधी त्यांनी शाळा उभ्या केल्या होत्या.

आताच्या रुपयाची गोष्ट ऐका. महाराष्ट्र सरकारने १९९२ साली गरीब घरच्या, मागास जातिजमातींच्या मुलींस पहिली ते चौथीपर्यंत उपस्थिती भत्ता सुरू केला. दर रोज एक रुपया! तीस वर्षे उलटली तरी तो एकच रुपया राहिला. पोरीस घरी ठेवली तर आई दिवसभर लावणीस जाऊन जी मजुरी आणते, तिच्यापुढे हा रुपया म्हणजे थट्टा आहे. दुपारचा पोषण आहार मात्र खरा उपयोगी पडला, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. पोटात दोन घास पडतात हे पाहून पुष्कळ आया पोरास धाडतात. पण भत्ता असो वा भात असो, तो पोरास दारापर्यंत आणतो. दाराच्या आत आईबापांचे पाऊल पडत नाही, तोवर पोर टिकत नाही, असे आमचे मत आहे, आणि आजचा लेख त्यासाठीच आहे.

आईबाप शाळेच्या पायरीशी का थांबतात? कारण शाळा आपली आहे असे त्यांस कधी वाटूच दिले नाही. आजोबांच्या काळी मास्तर वरच्या जातीचा, त्याची भाषा निराळी, त्याचा ओटा निराळा. पोरास बाहेर बसवलेले आजोबांनी पाहिले आणि बापास सांगितले. नंतर मास्तर आपल्यातले झाले, तरी भीती राहिली. आजही चिखलाचे पाय घेऊन शाळेत जावे कसे, गुरुजी काही लिहून विचारतील तर सांगावे काय, असे म्हणून बाप फाटकाशी उभा राहतो. बोलावणे येते तेव्हा ते दोनच कामांसाठी: सही किंवा तक्रार. कोर्टाच्या पट्टेवाल्याने हाक मारावी तसे त्यास वाटते.

आता कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. ज्यांस वाचता येत नाही त्यांस शेजाऱ्याने वाचून दाखवावे. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळेस एक व्यवस्थापन समिती असली पाहिजे. त्या समितीत शंभरांत पंचाहत्तर माणसे ही मुलांचे आईबाप वा पालक असावीत. निम्म्या बाया असाव्यात. दुर्बळ वर्गांतील मुलांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा असावी. समितीने शाळेच्या कारभारावर नजर ठेवावी, शाळेच्या विकासाचा आराखडा करावा, आलेला पैसा कसा खर्च होतो ते पाहावे. आणि २४ व्या कलमात शिक्षकांची कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत एक असे की त्याने पालकांच्या सभा नियमाने घेऊन मुलाची हजेरी, त्याची समज आणि त्याची प्रगती यांची माहिती त्यांस द्यावी. म्हणजे 'माझे पोर या महिन्यात किती दिवस आले आणि काय शिकले' हा प्रश्न विचारणे उर्मटपणा नव्हे. तो तुमचा हक्क आहे आणि त्याचे उत्तर देणे हे गुरुजींचे काम आहे.

पुष्कळ गावांत ही समिती कशी होते, ते कोणापासून लपले आहे? मुख्याध्यापकास वरून कागद येतो, अमुक तारखेच्या आत समिती करून कळवा. तो बिचारा गावातील चार ओळखीची नावे लिहितो. बायांची नावे लागतात, म्हणून पुढाऱ्यांच्या सुना घेतात. सभेच्या दिवशी सुनेच्या जागी सासरा येतो, चहा घेतो, पोथीवर सही होते. कातकरवाडीतील एखादे नाव कागदापुरते असते; त्या माणसास आपण समितीत आहो हे माहीत नसते. अशी समिती हजेरीविषयी काय बोलणार? शाळा आमच्या स्वाधीन करणारे कायद्याचे हत्यार हातात आले, आणि आम्ही ते खुंटीस टांगून ठेवले.

गुरुजींसही दोन शब्द सांगितले पाहिजेत, आणि त्यांच्या बाजूचेही. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचे काम सोडून शिक्षकास दुसऱ्या कामास जुंपू नये, असे त्याच कायद्यात आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्धा वेळ माहित्या भरण्यात जातो. आज हा तक्ता, उद्या तो फोटो. दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी मोबाइलवर माहिती भरीत असतो आणि दुसरा चार वर्ग सांभाळतो. याविरुद्ध शिक्षकांनी ओरड केली तर संप म्हणतात. आईबापांनी ओरड केली तर सरकारास ऐकावे लागेल. तेव्हा गुरुजींनी आईबापांस आपल्या बाजूस घ्यावे यात त्यांचेही हित आहे. जो गुरुजी पावसात वाडीवर जाऊन पोर का आले नाही ते विचारतो, त्याच्या वर्गात जागा मोकळ्या राहत नाहीत. असे गुरुजी आहेत. आम्ही त्यांस नमस्कार करतो.

आता सर्वांत अवघड गोष्टीकडे येऊ. पेण, सुधागड, रोहा, पनवेल या भागांत डोंगराच्या कडेने कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. सरकारने त्यांस आदिम जमात म्हटले आहे. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती, त्यांत ही एक. दिवाळी झाली, भात कापून झाले, म्हणजे वाड्या ओस पडतात. वीटभट्टीचा मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. अडल्या वेळी घेतलेले ते पैसे फेडण्यास अख्खे कुटुंब, पोराबाळांसह, भट्टीवर जाते, आणि पाऊस तोंडावर आला म्हणजे परतते. शाळेचे वर्ष जूनपासून एप्रिलपर्यंत. त्यातील अर्ध्याहून अधिक भाग हे पोर गावातच नसते. त्याचे नाव मात्र पटावर असते. आमच्यातले प्रतिष्ठित लोक सभेत उठून म्हणतात, "कातकऱ्यांची पोरे शाळेत येत नाहीत, त्यांना शिक्षणाची आवडच नाही." हे ऐकून आम्हांस जुन्या भटशाहीची आठवण होते. पन्नास वर्षांमागे आमच्याविषयी हेच वाक्य जसेच्या तसे बोलले जात असे. तेव्हा ते आम्हांस झोंबत असे. आता तेच आम्ही दुसऱ्यास बोलतो.

मूल शाळेपर्यंत येत नाही तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे महाराष्ट्रात नवे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस गावातील मुलांसाठी काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या जोडीस आल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पोरांसाठी त्यांनी अंगणवाडी पाड्यात नेली, आणि जी पोरे गुरांमागे जात त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरत राहिली आणि पोरे शिकत राहिली. वसईकडे विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या; भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची झोपडी. शाळा पोराच्या झोपडीशी गेली. कायद्यानेही असे सांगितले आहे की मूल दुसऱ्या गावी गेले तर तेथील शाळेने त्यास घेतलेच पाहिजे, दाखला यावयास उशीर झाला म्हणून त्यास दारात उभे करू नये. बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीस जाणाऱ्यांची मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय केली गेली. आजी-आजोबांपाशी पोर ठेवावे आणि त्याच्या जेवणाखाण्याचा भार सरकारने घ्यावा, अशी ती कल्पना. ऊसतोडवाल्यांसाठी हे होते, तर वीटभट्टीवाल्यांसाठी का होऊ नये? पण त्यास मागणी लागते, आणि मागणी करणारी समिती लागते. वाडीच्या आईबापांजवळ तालुक्यास खेपा घालण्यास ना वेळ ना पैसा. ते काम गावच्या शेतकऱ्याने, कुंभाराने, मूर्तिकाराने त्यांच्यासाठी केले पाहिजे. ज्यांच्या हातची वीट आपल्या घरास लागली, त्यांच्या पोरासाठी एवढे करणे यात उपकार कसला?

यात गावाचा स्वार्थही आहे, तो सांगून टाकू. ज्याच्या हातात चार पैसे आले तो आपले पोर गाडीत बसवून पेणेच्या इंग्रजी शाळेत धाडू लागला. आम्ही त्यास दोष देत नाही. आपल्या पोराचे भले कोणास नको? परंतु तो गेला आणि शाळेसाठी बोलणारा माणूसही गेला. राहिली ती गरिबांची पोरे, तीही आज आहेत उद्या नाहीत. पट खाली येतो. २०२३ सालच्या सप्टेंबरात शिक्षण खात्याने वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात म्हणून प्रस्ताव मागविले होते, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. पण धोका कोठे आहे ते ध्यानात घ्या. ज्या शाळेत पोरे दिसत नाहीत तिच्यास कुलूप लावणे कोणत्याही सरकारास सोपे जाते. कुलूप लागल्यावर गाडीने जाणाऱ्याचे काही बिघडत नाही. सहा वर्षांच्या पोरीस मात्र महामार्ग ओलांडून दुसऱ्या गावी जावे लागते, आणि तिची आई म्हणते, नको बाई, घरीच राहा. तेथे तिची शाळा संपली.

मग करावयाचे काय? आम्ही मोठ्या गोष्टी सांगत नाही. आमच्या भागात लावणी सावडीने होते. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. त्या सावडीत एका म्हातारीने तान्ही लेकरे सांभाळावी आणि तिचा दिवस शेतात राबणाऱ्या माणसाइतकाच धरावा. तिच्या दिवसाच्या बदल्यात पाच-सहा पोरी शाळेत बसतील. हे करण्यास सरकारचा एक पैसा लागत नाही, बायांनी आपसांत ठरविले की झाले. रस्त्याच्या कडेच्या गावांत पोरांस एकेकटे सोडू नये. आळीतील एका आईने वा बापाने वाराप्रमाणे सगळ्यांची पोरे गोळा करून शाळेत पोचवावी. जे पोर निघाले नाही त्याच्या दारात सगळी पोरे मिळून हाक मारतील, आणि ती हाक गुरुजींच्या चिठ्ठीहून जड असते. मूर्तीच्या कारखानदारांनी आपसांत एवढेच ठरवावे की शाळेच्या वेळात चौदा वर्षांखालील पोर कोणाच्याही कारखान्यात दिसणार नाही, मग ते मालकाचे असो की गड्याचे.

ज्या आईस अक्षर येत नाही, ती म्हणते, मी काय बघू? तिने रात्री पोरास एवढेच म्हणावे की आज काय शिकलास ते मला सांग, वही उघडून दाखव. वहीवर आजचे काही आहे की नाही हे न शिकलेल्या डोळ्यासही कळते. बाजारात अडीच पाव भाजीचा हिशेब तोंडी करणाऱ्या बाईस पोराची बेरीज तपासता येत नाही, हे आम्हांस पटत नाही. २०२२ साली 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे अभियान निघाले, त्यात गावोगाव मातांचे गट करून आयांकडून घरीच लहान मुलांस खेळातून तयार करवून घेण्याचे ठरले. जेथे तो गट कागदावर राहिला तेथे तो जागा करावा, आणि जेथे नाही तेथे महिला बचत गटाच्याच बैठकीत पोरांच्या हजेरीचा विषय घ्यावा. हप्ता कोणाचा राहिला हे तेथे नाव घेऊन विचारतात. पोर कोणाचे राहिले तेही विचारावे.

याच जिल्ह्यात १९३३ साली चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. १९३९ पर्यंत, सहा वर्षे, त्यांनी जमिनी पडीक ठेवल्या, डोंगरातील लाकडे विकून दिवस काढले, पण माघार घेतली नाही. खोताच्या वहीत आपल्या नावावर काय लिहिले आहे हे वाचता न आल्याने काय होते, ते त्या माणसांनी भोगले होते. २१ सप्टेंबर २००८ रोजी आमच्या पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या पाण्याखालील २२ गावांत महामुंबई सेझविषयी शेतकऱ्यांचे मत घेतले गेले, आणि बहुतेकांनी जमीन देण्याविरुद्ध कौल दिला. त्या वेळी भूसंपादनाच्या नोटिसा गावोगाव आल्या होत्या. त्या कोणी वाचल्या? ज्या घरी शिकलेले पोर होते त्या घरी, आणि त्या घराने शेजाऱ्यास समजावल्या. दलाल अजून फिरत आहेत, रस्ते रुंदावत आहेत, जमिनीचे कागद नित्य नवे येत आहेत. जे पोर आज लावणीमुळे तिसरीत मागे पडले, त्याच्याच हातात वीस वर्षांनी सातबारा पडणार आहे.

येत्या महिन्यात आपल्या शाळेच्या समितीची सभा केव्हा आहे ते जित्याच्या आणि शेजारच्या गावांच्या आईबापांनी मुख्याध्यापकांस जाऊन विचारावे. समितीत कोण आहेत ती नावे शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावयास सांगावे. सभेस नवऱ्याने बायकोच्या जागी जाऊ नये. कातकरवाडीतील सभासदास आणावयास कोणीतरी स्वतः जावे, आणि त्या दिवशी त्याची मजुरी बुडते तर तिचीही वाट करावी. सभेत पहिला विषय हजेरीचा घ्यावा: कोणते पोर किती दिवस आले नाही, का आले नाही, आणि त्याच्या घरी कोण जाणार. दिवाळीआधी, मुकादमाची गाडी येण्याच्या अगोदर, भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची यादी करून ती गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पेणेस लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय परतू नये. ज्या गावाने असे केले त्याने आम्हांस कळवावे. काय झाले, कोणी अडवले, कोणी मदत केली, ते गावाचे नाव घालून आम्ही याच जागी छापू.